नर्सबाईंची सकाळची फेरी

खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मला नर्सबाईंचा रागच यायचा.

सकाळी मिलचा सातचा भोंगा झाला की अर्ध्या तासात त्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिसायच्या. पांढरं पातळ, पायात रबरी चपला, आणि पावसाळा असो नसो, एक काळी छत्री दोन्ही हातांनी पाठीमागं धरलेली. कुणाच्या दारात थांबायच्या नाहीत, कुणाशी बोलायच्या नाहीत. मान एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, असं करत गल्ली संपवायच्या आणि पलीकडच्या बोळात शिरायच्या. मी तेव्हा नवी नवरी. दारात बसून तांदूळ निवडत असले की मला वाटायचं, ही बाई माझ्या तांदळातले खडेसुद्धा बघून जातेय. एकदा न राहवून मी नवऱ्याला म्हटलं, "लोकांच्या दारात डोकवायची ही काय खोड म्हणायची?" तो बूट घालता घालता हसला. "त्यांच्याच हातावर मी जन्मलोय," म्हणाला. "त्यांना जुना हक्क आहे."

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. सांगोल्याकडं आम्ही टँकरच्या मागं घागरी घेऊन धावलेली माणसं. सोलापुरात नळाला ठरल्या वेळी पाणी येतं एवढ्यावरच मी या शहरावर भाळले. नवरा मिलच्या ऑफिसात कारकून, सासूसासरे मी यायच्या आधीच गेलेले. घर शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या गल्लीत. दोन खोल्या आणि पुढं हातभर ओटा. घरोघर माग, त्यामुळं दिवसभर ठकठक सुरू. पहिले आठ दिवस माझं डोकं उठलं. नंतर सणासुदीला माग बंद राहिले की उलट करमेना.

आमच्या भिंतीला भिंत लागून अव्वा राहायची. तेलुगूत आजीला अव्वा म्हणतात; ती साऱ्या गल्लीची अव्वा होती. सत्तरी ओलांडलेली, अंगानं चिपाड, पण तोंडानं तिखट. तिचा नवरा हातमागावर विणायचा आणि ती त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायची. तो गेला, माग विकला. हातमागाखाली जमिनीत खड्डा असतो, विणणारा त्यात पाय सोडून बसतो. अव्वानं तो खड्डा मातीनं भरून वरनं सारवून घेतला होता आणि बरोब्बर त्याच जागी ती अंथरूण टाकायची. मी एकदा म्हटलं, "अव्वा, तिकडं कोपऱ्यात झोप की. हितं दारातनं गार वारं येतं." तर म्हणाली, "चाळीस वरीस त्याचं पाय हितं हुतं. मी कुटं जाऊ?"

जायला जागा नव्हती असं नाही. उशिरा झालेला एकुलता एक मुलगा भिवंडीला यंत्रमागावर होता. दर दिवाळीला यायचा, चल म्हणायचा. आईला एकटी टाकली म्हणून जातवाले नावं ठेवतात म्हणायचा. अव्वा दर दिवाळीला पुढच्या दिवाळीचं नाव सांगायची. शेवटच्या खेपेला मात्र तो बजावून गेला होता, "एकदा जरी पडलीस तर मी ऐकणार न्हाय. उचलून नेणार." तेव्हापासून अव्वा मरणापेक्षा पडण्याला भ्यायची. मोरीत जाताना भिंत धरायची, ओट्यावरून उतरताना बसून उतरायची. हे घर सुटू नये एवढी एकच गोष्ट तिला देवाकडं मागायची होती, आणि ती ते रोज मोठ्यानं मागायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

तिचं मराठी अर्धं, माझं तेलुगू चार शब्दांचं. तरी आमचं जमायचं, कारण दोघींनाही भांडायला आवडायचं. तिला माझी भाकरी जाड वाटायची, मला तिची आमटी आंबट वाटायची. आणि मला तिची रांगोळी खुपायची.

तेलुगू बायका सडा टाकून उंबऱ्यापुढं ठिपक्यांची रांगोळी काढतात. रेघ ठिपक्यांना वळसे घालत जाते आणि जिथनं निघाली तिथंच येऊन मिळते. अव्वाची मिळायची नाही. डाव्या कडेला शेवटचा वळसा उघडाच राहायचा, रोज. माझी रांगोळी आमच्या पंचक्रोशीत नावाजलेली. लग्नाकार्यात मला बोलावून न्यायचे. तो उघडा वळसा बघितला की माझी बोटं शिवशिवायची. दोनदा मी अव्वाला दाखवलं. दोन्हीदा ती म्हणाली, "मिळालंय की. तुजं डोळं बघ."

मार्गशीर्षातला गुरुवार होता. पूजा मांडायची म्हणून मी पहाटेच उठले, सडा टाकला, कमळांची मोठी रांगोळी घातली. रांगोळी संपली तरी मूठ भरलेलीच. हातात घेतलेली रांगोळी परत डब्यात टाकू नये असं आई म्हणायची. शेजारी अव्वाचं दार बंद, अंगण कोरडं. थंडी मरणाची होती. म्हटलं, म्हातारी निजली असेल, निजू दे, आज तिचंही आपणच करू. तिच्या दारापुढं सडा टाकला आणि तिचीच रांगोळी काढली, तेवढेच ठिपके, तसेच वळसे. डाव्या कडेचा वळसा मात्र मी मिळवून टाकला. उभी राहून मी ती रांगोळी दोन मिनिटं बघत राहिले. फार समाधान वाटलं मला.

मग घरात जाऊन पूजा केली, कहाणी वाचली. नवरा कामावर गेला. साडेसाताला नर्सबाई रोजच्यासारख्या आल्या आणि मान फिरवत गेल्या.

दहाच्या सुमाराला त्या परत आल्या. एकदा गेलेल्या नर्सबाई त्याच सकाळी परत आलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. छत्री नव्हती. झपाझप चालत आल्या आणि अव्वाच्या दारापुढं वाकून रांगोळीकडं बघत राहिल्या. मी ओट्यावर आले.

"अव्वा दिसली का गं आज?"

"नाही," मी म्हटलं, आणि कौतुकाच्या आशेनं पुढं म्हटलं, "रांगोळी मीच काढली तिची. पहाटेच."

त्यांचा चेहरा मी जन्मभर विसरले नाही. त्या रागावल्या नाहीत. त्या एकदम पांढऱ्या पडल्या आणि दोन्ही हातांनी दार वाजवायला लागल्या.

आतून कडी होती. मागच्या घरातला यंत्रमागवाला धावत आला, त्यानं मोरीवरचा पत्रा उचकटला आणि आत उडी मारली. अव्वा मोरीत पडलेली होती. अंधारात उठली, पाय घसरला, तेव्हापासून ओल्या लुगड्यात तशीच. हाताला लागलेलं एक पोतं तेवढं अंगावर ओढून घेतलं होतं. ओठ निळे झाले होते. पण डोळे उघडे होते, आणि नर्सबाईंना बघितल्याबरोबर तिनं पहिला शब्द काढला तो असा, "पोराला सांगू नका."

आम्ही तिला बगलेत धरून उचलणार होतो. नर्सबाई ओरडल्या, "हात लावू नका!" मागाची एक लांब फळी मागवली, ती अंगाखाली अलगद सरकवली, वर दोन चादरी गुंडाळल्या आणि टांगा बोलावून सिव्हिलला नेलं. मी मागं राहिले. दारापुढं माझी रांगोळी तशीच होती, एवढी माणसं तुडवून गेली तरी डावी कड शाबूत. मी चपलेनं ती पुसून टाकली आणि घरात जाऊन रडले. काय चुकलं ते मला नीट कळलंही नव्हतं. पण नर्सबाईंचा चेहरा बघितला होता, त्यामुळं चुकलंय एवढं नक्की कळलं होतं.

संध्याकाळी त्या स्वतःच आल्या. खुब्याचं हाड चिरलंय, मोडलेलं नाही, सहा आठवडे अंथरुणात काढावे लागतील, असं म्हणाल्या. मग ओट्यावर बसून पाणी मागितलं आणि फेरीची सगळी गोष्ट सांगितली.

म्युनिसिपालटीच्या प्रसूतिगृहातनं त्या रिटायर झाल्या तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की ज्या बायकांची बाळंतपणं केली त्या आता म्हाताऱ्या झाल्यात, आणि जी पोरं जगात आणली त्यातली निम्मी भिवंडीला नाहीतर सुरतेला गेलीत. मग त्यांनी महिला मंडळातल्या चारपाच बायका गोळा केल्या आणि मारुतीच्या देवळाशेजारची एक खोली मागून घेतली. रॉकेलच्या रांगेत कुणासाठी उभं राहायचं, दवाखान्यातनं कुणाचं औषध आणायचं, कुणाची नखं काढायची, कुणाला मुलाचं पत्र वाचून दाखवायचं, हे सगळं तिथं रोज सकाळी ठरायचं. मुलाचं पत्र आलं नसेल तर त्या मुलाला झाडायचं पत्रही तिथंच लिहिलं जायचं, आणि ते नर्सबाई स्वतः लिहायच्या.

पण एकट्या राहणाऱ्यांचं काय? सुरवातीला त्या रोज प्रत्येकाचं दार वाजवायच्या. चौथ्या दिवशी मिलमधला एक जुना कामगार कडी काढून अंगावरच आला. "मेलोय का जित्ता हाय ते बगाया येतीस व्हय गं रोज?" नर्सबाई तिथनं गप परत आल्या आणि आठ दिवस विचार करत होत्या.

मग त्यांनी दार वाजवणं सोडलं आणि नुसतं बघायला सुरवात केली. तो कामगार रोज उठल्यावर बाज भिंतीला उभी करतो. बोळाच्या टोकाचे शिंपीचाचा पोपटाचा पिंजरा बाहेर खुंटीला अडकवतात. एक म्हातारी तुळशीला पाणी घालते, तिच्या कट्ट्याखाली ओल दिसते. अव्वा रांगोळी काढते. असे सतरा जण, आणि सतरा जणांच्या सतरा खुणा. त्यांनी कुणालाही काही करायला सांगितलं नाही. जो तो जे आधीपासून करत होता तेवढंच त्या पाहत गेल्या. बाज आडवीच दिसली, पिंजरा दिसला नाही, तरच त्या दार वाजवणार.

"पण मग हे सांगायचं तरी की सगळ्यांना," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. चूक स्वतःची असली की माझा आवाज चढतो. "मला ठाऊक असतं तर मी हात तरी लावला असता का?"

"सांगितलं की माणूस बघणाऱ्यासाठी करतं," नर्सबाई म्हणाल्या. "तापानं फणफणलं असलं तरी उठून बाज उभी करील. बाईंना उगा घोर नको म्हणून. मग मला काय कळणार, कप्पाळ? म्हणून मंडळातल्या बायका सोडून कुणाला बोलले न्हाई. ती माझी चूक. शेजारणीला तरी सांगायला पायजे होतं."

मी म्हटलं, "मग परत कशा आलात?"

"चहा प्यायला बसले आणि डोळ्यापुढं आली ती रांगोळी. डावी कड मिळालेली होती. अव्वाच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. दोन वर्सं झाली तिला तो शेवटचा ठिपका दिसत न्हाई. एका रात्रीत कसा दिसायला लागला?"

माझ्या सासरच्या भिंतीला लागून राहणारी बाई, रोज तिच्याशी भांडायची मी, रोज तो उघडा वळसा बघायची. मला त्यात तिचा वेंधळेपणा दिसला. नर्सबाईंना डोळा दिसला. त्या दिवसापर्यंत मी स्वतःला मोठी चौकस समजत होते.

मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी काढतील. काढली असती तर बरंच वाटलं असतं. त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "उद्या साडेसाताला तयार राहा." अशी मी फेरीत गेले आणि पुढं अकरा वर्षं राहिले.

ते सहा आठवडे मी मंडळाचं काम आतनं पाहिलं, आणि माणसानं माणसासाठी किती करावं याची माझी मापंच बदलली. सकाळची पाळी माझी. दुपारी विड्या वळणाऱ्या बायका यायच्या, वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात मांडीवर सूप घेऊन पानं कापत बसायच्या, तासातासाला एकजण आत जाऊन अव्वाची कूस बदलून यायची. कूस कशी बदलायची, पाठीला फोड येऊ नये म्हणून काय करायचं, हे नर्सबाईंनी प्रत्येकीला हात धरून शिकवलं होतं. डबा न्यायचं काम त्यांनी कुणाला द्यावं? त्याच मिल कामगाराला, ज्यानं त्यांना दारातनं हाकललं होतं. "दिसभर दारात बसून करता काय? पाय मोकळं हुतील," म्हणाल्या. तो कुरकुरत तयार झाला आणि एक दिवसही चुकला नाही. ज्यांच्याकडं बघायचं त्यांनाच कुणाकडं तरी बघायला लावायचं ही त्यांची रीतच होती. शिंपीचाचांनी अव्वासाठी जुन्या चादरींच्या पट्ट्या शिवून मऊ गादी करून दिली. मी मनातल्या मनात रोज या बाईंना नमस्कार करायची. उघड केला असता तर त्या म्हणाल्या असत्या, वेळ हाय तुला, मग चल, ते भांडं घास.

एका सकाळी मी अव्वाची वेणी घालत होते. धीर करून सगळं सांगून टाकलं. रांगोळी मीच काढली, त्यामुळं साडेसाताला तुझं दार कुणी वाजवलं नाही, अडीच तास जास्त तू गारठ्यात राहिलीस. हुंदके देत देत सांगितलं. अव्वानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुज्या बांगड्या ऐकल्या मी. दाराशी हुतीस. मी हाका मारल्या, पर आवाज निघंना. मागल्या घरचा माग लागला हुता."

मी वेणी तशीच सोडून तोंड झाकून घेतलं. मी बाहेर बसून ठिपके मांडत होते आणि ती आत माझ्या बांगड्या ऐकत होती. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

अव्वानं माझा हात ओढला. "रडती कशाला? शानी हायस म्हणून वाचले. माजं चुकल्यालं नीट केलंस, म्हणून त्या बाईला कळलं. तू बी माज्यासारकं काडली असतीस तर मेले असते की मी." आणि खो खो हसायला लागली. हसताना खुबा दुखला तशी मलाच शिव्या दिल्या. मी पण रडता रडता हसले. तेवढ्यावर विषय संपला. पण पडण्याची बातमी लपणार नव्हती. "मुलाला कळवायलाच पायजे, त्याचा हक्क हाय तो," असं म्हणून नर्सबाईंनी पहिल्याच आठवड्यात भिवंडीला पत्र टाकलं होतं. तो एकदा येऊन बघून गेला. घरी सोडतील त्या दिवशी न्यायला येतो म्हणाला. अव्वा त्या दिवसापासून जेवण टाकायला लागली.

तिला घरी आणलं तेव्हा ती काठी धरून उंबऱ्यापासून मोरीपर्यंत जाऊ शकत होती. उकिडवं बसता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा टाकला. नर्सबाईंनी मला बजावलं होतं, "सडा टाक, पर ठिपक्याला हात लावशील तर बघ." अव्वा उंबऱ्यावर पाट ठेवून बसली, एका हातानं चौकट धरली आणि दुसरा हात लांबवून काढत राहिली. पाऊण तास लागला. नर्सबाई साडेसाताला आल्या, मान वळवली, आणि न थांबता पुढं गेल्या.

त्याच दिवशी दुपारी मुलगा आला. पस्तिशीचा, केसात कापसाची भुकटी, डोळे जागरणानं लाल. वाईट माणूस नव्हता. आल्या आल्या आईचे पाय चेपले, आम्हा सगळ्यांपुढं हात जोडले. मग तिची दोन लुगडी, देवाचा फोटो आणि पितळी तांब्या पोत्यात भरला, अंथरुणाची वळकटी करून दोरीनं करकचून बांधली. संध्याकाळची गाडी होती. नर्सबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मी दाराशी. अव्वा पाटावर.

"बाई, तुम्ही लई केलं," तो नर्सबाईंना म्हणाला. "पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं. पर आता हितं ठेवून कसं भागंल? परत पडली तर?"

"पडंल की," नर्सबाई म्हणाल्या. "म्हातारं माणूस हाय. पडणारच न्हाई असं मी कुणाला लिहून देत न्हाई."

मला वाटलं, झालं, बाईंनीच हातातलं सोडून दिलं. मुलानंही मान हलवली आणि पोतं उचललं.

तेव्हा अव्वा बोलली. तेलुगूत न बोलता मराठीत बोलली, आम्हाला कळावं म्हणून. "भाईर जा. रांगोळी बगून ये. कुणी काडली, सांग."

तो गोंधळला. पण आईचं ऐकायची सवय असावी. बाहेर गेला, आत आला. "तूच काढलीस."

"कशावरनं?"

"तुझ्या दारात हाय की."

"ही बी काडती माज्या दारात," अव्वानं माझ्याकडं बोट केलं. "मग?"

तो कसनुसा हसला. "मग मला काय म्हाईत? रांगोळी ती रांगोळी. त्यात काय वळखायचं?"

अव्वानं नुसतं नर्सबाईंकडं बघितलं. त्यांना ते आवडलं नाही, हे मला दिसलं. मुलाला त्याच्या आईपुढं उघडं पाडायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण अव्वा बघतच राहिली, तशा त्या हळूच म्हणाल्या, "तिचीच हाय. डाव्या कडेला मिळालेली न्हाई. दोन वर्सं न्हाई मिळत, तिकडच्या डोळ्यानं दिसत न्हाई तिला. आज रेघ उंबऱ्याकडं जाड हाय आणि पुढं बारीक होत गेलीय, तितवर हात पुरला न्हाई. पयल्यांदा अकरा ठिपक्यांची काढायची. तुझे वडील गेले तवापास्नं सातची काढती." मग पुढं म्हणाल्या, "तू झालास त्या दिशी बी काढली होती, पहाटं, कळा येत असताना. दोन जागी रेघ तुटलेली होती. मी दारातनंच वळखलं की येळ झालीय."

मागच्या घरातला माग तेवढा चालू होता.

तो उठून परत बाहेर गेला. मी दाराशीच असल्यामुळं मला दिसत होतं. रांगोळीपुढं उकिडवा बसला आणि तिच्यावर बोट न टेकवता, वरच्यावर, एकेक वळसा फिरवत गेला. डाव्या कडेला येऊन बोट थांबलं. तिथं तो बराच वेळ बसून होता. गल्लीतली एक बाई घागर घेऊन जाताना त्याला वळसा घालून गेली तरी त्यानं मान वर केली नाही.

आत आला तेव्हा त्यानं कुणाकडं बघितलं नाही. पोत्यातनं देवाचा फोटो काढून होता त्या खिळ्याला परत लावला. मग वळकटीपुढं मांडी घालून बसला आणि दोरीची गाठ सोडायला लागला. त्यानं स्वतःच एवढी आवळून बांधली होती की सुटता सुटेना. नखं लावून बघितली.

"दातानं सोड," अव्वा म्हणाली.

त्यानं खाली वाकून दातानं सोडली.